दीड मिलिमीटर

अंबाझरीच्या आयुध कारखान्यात बत्तीस वर्षं
मी एकच काम केलं, गेज लावायचं.
गेलं तर पास, अडलं तर भंगार.
निवृत्त झालो तरी पितळेचा वास बोटांतून गेला नाही.
क्लबवाले म्हणाले, वासेकर, तपासणीच्या टेबलावर तुम्ही बसा,
तुमच्याशी कोणी हुज्जत घालत नाही.

म्हणून मे महिन्यात, सकाळी साडेसहाला,
हिंगण्याच्या पुढे, बंद पडलेल्या गिट्टीखदानीत,
टिनाच्या शेडखाली मी बसलेला.
डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा,
समोर सागवानी डबा.
पिस्तूल मॅगझिनसकट त्यात बसलं पाहिजे,
झाकण लागलं पाहिजे.
लागलं तर प्रॉडक्शन.
नाही लागलं तर ओपन,
जिथे लाल ठिपक्याची काच असते,
नळीच्या तोंडाशी झटका गिळणारं यंत्र असतं,
आणि एकेकाच्या कमरेला
एकेक ट्रॅक्टर लटकत असतो.

उमरेडचा सुकेश लांजेवार पाचवा आला.
पिस्तूल क्लबचंच, मुठीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
मॅगझिनच्या बुडाला नवं रबर.
झाकण केसभर उघडं राहिलं.
"थोडं दाबू का जी?"
मी म्हटलं, दाबूनच बसवायचं तर डबा कशाला?
"बरोबर हाय," म्हणाला,
आणि ओपनच्या कागदावर सही केली,
शाळेतल्यासारखी, नावाखाली रेघ ओढून.

दिवसभर टायमर ओरडत राहिला.
पोट्टा लोखंडी माशीनं नेम धरत गेला
त्या लाल ठिपक्यांच्या रांगेत.
अकरा जणांत नववा.
ताकाचा एक ग्लास पिऊन तीनच्या बसला निघून गेला.

चार वाजता फेरतपासणी.
मृण्मयी बारापात्रे, बुटीबोरीत नकाशे काढते,
तिचं पिस्तूल बसलं, पण झाकण कुरकुरलं.
"काका, रागावू नका. डब्याला पट्टी लावू?"
पर्समधून पोलादी पट्टी काढली.
लांबी दोनशे पंचवीस, जागच्या जागी.
खोली पंचेचाळीस, बरोबर.
रुंदी दीडशे हवी.
एकशे साडेअठ्ठेचाळीस.

लकडगंजच्या सुताराने सांगितलं होतं आखाडात,
साहेब, लाकूड अजून प्यालेलं आहे, थोडं थांबा.
मी थांबलो नाही.
कारखान्यात प्रत्येक गेजला वरचं एक गेज होतं,
दर सहा महिन्यांनी थंड खोलीत नेऊन
आम्ही मोजणाऱ्यालाच मोजायचो.
हे मला माझ्या जन्मतारखेपेक्षा जास्त पाठ.
आणि उन्हाळाभर डबा माझ्याच घरी,
कूलरपासून लांब, माळ्यावर.

समिती बसली. निकाल लागून तास उलटलेला,
हरकतीची मुदत संपलेली, पुस्तकात स्पष्ट आहे.
पुगलिया म्हणाले, "डबा सगळ्यांना सारखाच होता ना?"
सारखाच होता.
सगळ्यांना सारखाच चूक,
फक्त अडला एकालाच.
मी हे मोठ्यानं म्हटलं का ते आठवत नाही.
पदकं वाटली गेली, टाळ्याही मीच वाजवल्या.
नापास उपकरणांच्या रकान्यात
सुकेशच्या ओळीखाली लिहिलं: डबा, सागवानी, एक नग.
खाली सही.

मग फोन लावला. बस पाचगावच्या पुढे होती,
मागे कोणाचं तरी लेकरू रडत होतं.
सगळं सांगितलं. प्रॉडक्शनमध्ये तो दुसरा आला असता,
तेवढं सांगवलं नाही.
"म्हणजे माझं बसत होतं?"
बसत होतं.
बराच वेळ नुसता हॉर्न.
"मंग काका, पुढच्या टायमाले
रबर काढू का राहू देऊ?"

डबा मांडीवर होता, अजून तापलेला.
म्हटलं, नवा होऊ दे. आधी तू ये,
पट्टी घेऊन.