राखण

कुताइसीच्या संग्रहालयात, तिसऱ्या दालनात
माझी खुर्ची आहे. तिचा एक पाय आखूड,
त्याखाली जुन्या तिकिटांची घडी सारलेली.

सप्टेंबरपासून इथं त्सिआलाची फिल्म चालायची.
अकरा मिनिटं. आवाज नाही.
त्सिआला आपल्या गेलेल्या आईला अंघोळ घालते,
स्वयंपाकघरात, जेवायच्या टेबलावर.
मागे पत्र्याची चूल, अक्रोडांची परडी,
भिंतीवर मे महिना, साल शहाऐंशी.
संपली की पुन्हा पहिल्यापासून.
दिवसाकाठी चाळीसदा.

पहिला आठवडा मी खुर्ची फिरवून घेतली
आणि नातवाचा मोजा विणला.
मग मोजा संपला.

मग दिसलं, चौथ्या मिनिटाला
ती पाणी कोपरानं बघते,
तान्ह्या बाळासाठी बघतात तसं.
सातव्याला खिडकीवरून कुणीतरी जातं.
ती मान वर करत नाही.
नवव्याला वाफेनं सगळं पुसट होतं
आणि एक ओला अंगठा सरळ आपल्या डोळ्याकडे येतो,
काच पुसतो, परत कामाला लागतो.
दर वेळी मी डोळे मिटायचे. दर वेळी.

ऑक्टोबरात नगरसभेचे गुरामबाबू आले,
टीव्हीवाले घेऊन.
पडद्याकडे पाठ करून बोलले, मृतांची विटंबना,
मातेचं वस्त्र, आपली लेकरं.
चांगली चार मिनिटं बोलले.
आईच्या पावलांवरचं पाणी
त्यांच्या कोटाच्या पाठीवरून ओघळत होतं.
बातम्यांत ते दिसलं नाही,
बातम्यांत फक्त तोंड होतं.

मग आमच्या संचालकबाई, इझोल्दा, रात्री थांबू लागल्या.
आधी काळा पडदा लावला.
मग पाटी: अठरा वर्षांखालील मुलांना मज्जाव.
मग एका मुलानं संगणकावर
देहावर राखाडी चौकोन बसवून आणला.
दोन दिवस तसंच चाललं.
त्सिआला चौकोनाला अंघोळ घालत होती,
चौकोनाचे केस विंचरत होती.
इतकं ओंगळ मी त्या भिंतीवर
त्याआधी काही पाहिलं नव्हतं.

त्सिआलाचा फोन आला. म्हातारा, खरखरीत आवाज.
सगळी दाखवा नाहीतर बंद करा, एवढंच म्हणाली.
बंद केली.

सह्या गोळा झाल्या, या बाजूच्या, त्या बाजूच्या.
मला कुणी विचारलं नाही.
साडेचौदाशे वेळा पाहिलेली मी एकटी,
पण माझं काम पाहणं नाही, राखणं.

आता मी डोळ्यांत तेल घालून
एका पांढऱ्या भिंतीची राखण करते.
गर्दी मात्र पूर्वीपेक्षा जास्त.
लोक भिंतीचे फोटो काढतात,
खिळ्याच्या भोकाशी बोट नेतात.
"इथंच होतं का ते?" हळूच विचारतात,
आणि मी म्हणते, "हात लावू नका."

परवा त्स्काल्तुबोहून एक बाई आली,
भाजीची पिशवी, गुडघ्यापर्यंत चिखल.
भिंतीसमोर उभी राहिली ती राहिलीच.
सहाला पाच कमी असताना मी उठले,
म्हटलं, "बंद करायचंय."

म्हणाली, "आईचे थोडेच दिवस उरलेत.
कंपनीची माणसं येतील म्हणे, हातमोजे घालून.
मला त्यांच्या हाती द्यायची नाही.
कसं करतात, ते बघायला आले होते."

मी दार आतून लोटलं.
माझा नवरा गेला त्या हिवाळ्यात
गावात वीज नव्हती, मेणबत्तीही उसनी होती,
आणि ते सगळं मी शेजारणींवर सोपवून
जिन्यात जाऊन बसले होते.
हे तिला सांगितलं नाही.

तिला माझ्या खुर्चीत बसवलं.
तिची बाही वर सारली.
"आधी कोपर," मी म्हटलं.
"पाणी कोपरानं बघायचं."