डावे आटे

कॅम्पातल्या मिनेझिसची लाल गाडी,
दोन दारं, दोन माणसं, इंजिन पाठीमागं.
दांडा ड्रायव्हरच्या गुडघ्याशी,
पेटी पार शेवटाला,
आणि मधे, सीटखालून गेलेली
साडेचार फुटांची सळी.
हाताचं म्हणणं दातांपर्यंत पोचवणारी.

पोचवत नव्हती.
नायलॉनच्या चकत्यांचा भुगा झालेला.
दुसरा टाकावा तर चौथा पडायचा,
पहिला शोधावा तर दांडा
ताकातल्या रवीसारखा गरगर.
"ऐकते रे ती," मिनेझिस म्हणाले, "पण उशिरा.
माझ्यासारखीच."

ही पेटी शेपटीतून गिअर घ्यायची.
ठरलं, आता कुशीतून घ्यायचा.
शेपटीला टोपण, बगलेला भोक,
सांध्यांत पोलादी गोळ्या,
नवा आर्म, नवी सळी.
तीन रात्री कागदावर गेल्या,
चौथ्या सकाळी मी उद्यमबागेत
नीलव्वाच्या लेथपुढं उभा.

नीलव्वा मूळची बैलहोंगलची.
साडीवर नवऱ्याचा खाकी शर्ट,
खिशात खडू, पट्टी, अर्धी सुपारी.
तिचं मराठी कामापुरतं,
माझं कन्नड उधारीपुरतं.
सूत तेवढं दोघांचं एकच.

मी सांगितलं:
एका टोकाला उजवे आटे पाड, दुसऱ्याला डावे,
म्हणजे मधोमध धरून पिळली
की दोन्हीकडून सारखी आवळेल.
तिनं सळीचं टोक दाखवत विचारलं,
"येडा?"
चाळीस वर्षं इथं काढून मला ठाऊक आहे,
येडा म्हणजे डावा.
पण कान आधी मराठीच ऐकतो.
"येडाच," मी म्हणालो, जरा जोरात.
ती हसली. तिलाही ठाऊक होतं.

मग उलटा फिरवलेला चक,
दुधाळ पाणी,
आणि निळा कीस
वळत वळत तिच्या चपलेपर्यंत.
"आत्री," म्हणाली. झालं.
आटे असे, की नट नुसत्या फुंकरीनं चढावा.

शनिवारी सळी बसली.
मिनेझिस आत बसले, टोपी नीट केली,
पहिला टाकला, क्लच सोडला,
आणि गाडी थेट मागं,
शेजारच्या फाउंड्रीच्या काळ्या वाळूत
दिव्यांपर्यंत.
मोल्डिंगची पोरं कामं टाकून धावली:
"अण्णा, पुढं जायचं विसरलासा काय?"

चूक माझी. शंभर टक्के.
शेपटीला जे ढकलणं, ते कुशीला ओढणं,
एवढं साधं मी तीन रात्रींत धरलं नव्हतं.
कागदावर गाडी उभीच असते ना.

आर्म उलटा केला, वरचा खाली.
मग सळी लांब पडली बोटभर.
परत नीलव्वा, परत तेच आटे,
फक्त या वेळी तिनं काही विचारलं नाही.

आता पहिला पडतो
जुन्या गोदरेजच्या कुलपात किल्ली फिरावी तसा.
मिनेझिस देसूरपर्यंत जाऊन आले,
उतरले नाहीत कितीतरी वेळ.
दांड्यावर हात तसाच.
"भांडत नाही हो आता," म्हणाले.
खूश होते की काय, कळेना.
वडलांनी फोंड्याहून आणलेली ती गाडी,
घाटात दोघांचे हात त्या दांड्यावर,
असं काहीतरी सांगायला लागले,
मग पैसे मोजायला लागले.
जुन्या चकत्यांचा भुगा मी पुडीत बांधून दिला.
वास घेतला त्यांनी. खिशात ठेवला.

नीलव्वानं पहिल्या सळीचेही पैसे लावले.
बरोबरच होतं तिचं.
ती सळी तिच्याच शटरखाली असते हल्ली,
दुपारी वारा सुटला की टेकू म्हणून.
परवा चहा घेताना मी तिच्याकडं बघितलं,
नीलव्वानं माझ्याकडं.
"येडा," म्हणाली.

कुठल्या टोकाबद्दल, मी विचारलं नाही.