खोकला

एक्केचाळिसाव्या भागात लुसियाना खोकली.
एकदाच. भांडी विसळताना, नळ चालू असताना,
कॅमेऱ्याकडे पाठ करून.
ताइना म्हणाली, झिल्डामावशे, तुला भास झाला.
मला भास होत नाहीत, पोरी.
चाळीस वर्षं मालिका बघतेय,
खोकला कशाला म्हणतात ते मला विचार.

पेलोतासच्या डबाबंद फळांच्या कारखान्यात
पीच सोलायच्या पट्ट्यावर आम्ही चौदा बायका.
हातांना पाकाचा चिकटा,
तोंडात कालचा भाग.
तेव्हा पडद्यावर आमच्यातली कुणी आलीच
तर ती आधी फार हसायची,
मग मैत्रिणीच्या केसांत फूल खोचायची,
मग खोकायची.
शुक्रवारपर्यंत पांढरी चादर.
सुटली बिचारी, म्हणायच्या पट्ट्यावरच्या बायका.
नोएमी माझ्या समोर उभी असायची, सुरी चालवत.
आम्ही एकमेकींकडे बघत नसू.
सगळ्यांना ठाऊक होतं, आम्ही मावसबहिणी.
एक खाट, दोन उश्या, आणि मावसबहिणी.

एकजण पोर्तुगालला गेली ती गेलीच.
एकीला बसने उडवलं,
तेही सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या रस्त्यावर.
एक तर नुसतीच पुढच्या भागात नव्हती.
कुणी विचारलंसुद्धा नाही, कुठे गेली.
मी आठवडाभर तिला शोधत होते,
जाहिरातींतसुद्धा.

आता म्हणे दिवस बदललेत.
ताइना बोटांवर मोजते: यंदा किती,
कुणाला आडनाव आहे, कुणाला नोकरी,
कोण नुसतीच नायिकेचे निरोप पोचवते.
चुंबनाच्या वेळी कॅमेरा खिडकीबाहेर गेला
की ती टीव्हीवर चप्पल फेकते. माझी.
खालच्या मजल्यावरचा एव्हर्टन म्हणतो,
हे सगळं साबण खपवायला चाललंय.
असेल बाबा.
आमच्या काळी साबणवाल्यालाही आमची गरज नव्हती.

माझी तक्रार वेगळी आहे.
त्यांचं स्वयंपाकघर फार लख्ख.
पंचवीस वर्षं एकत्र काढलेल्या बायकांच्या ओट्यावर
एक तरी झाकण बिनडब्याचं असतं.
आणि भांडतात कशा, तर पुस्तकी.
तू मला समजून घेत नाहीस, असं कोण म्हणतं?
माणूस म्हणतं, गॅस तूच चालू ठेवलास.

बेचाळीस. काही नाही.
त्रेचाळीसमध्ये तिने स्वेटर चढवला.
मी हातातला कडू चहा खाली ठेवला.
चव्वेचाळीस: ताप नाही, डॉक्टर नाही,
पांढरं काहीही नाही.
मी त्या रात्री झोपले नाही, ते सोडा.
पंचेचाळिसाव्यात कोपऱ्यावरचा दुकानदार
सुटे पैसे परत देताना म्हणाला,
पाव तुमच्या बायकोने मघाशीच नेला.
असा म्हणाला, जसं म्हणावं आज गारठा आहे.
घरी त्या बायकोने आलं ठेचलं, मध ढवळला,
किती दिवस सांगतेय, मफलर बांध म्हणून.

आणि खोकला गेला.
बस, एवढंच.
आला होता, गेला.

ताइनाला कळेना मी का रडतेय.
एवढं काय, मावशे, काहीच तर झालं नाही!
तेच, म्हटलं. तेच.

ती गेल्यावर मी दिवा मालवला.
जूनची थंडी, खिडकीच्या फटीत कोंबलेलं वर्तमानपत्र.
कोचावरच्या पांघरुणांच्या गाठोड्यातून
नोएमी खोकली. दोनदा.
डोळे न उघडताच विचारलं, मेली का?
नाही गं.
विजेचं बिल भरायला गेलीय.
आणि आपलं?

आपलं राहिलं.