क्वार्टरच्या मागे

जुन्या बाजारात, बुधवारी,
पाने, बिजागऱ्या आणि जोडी हरवलेल्या बुटांच्या मधे
रबरात बांधलेली ती गड्डी पडली होती.
"विलायती पत्ते," गफूरचाचा म्हणाले,
"राजा नाही, राणी नाही, नुसते पैलवान. तीन रुपये."
मी दोन दिले आणि एक उधार ठेवला.
तो राहिलाच.

तेवीस जण निघाले.
गोदरेजच्या कपाटाएवढे खांदे,
तोंडापुढे खिडकीचे गज,
आणि प्रत्येकाच्या नावाखाली तीच दोन इंग्रजी अक्षरं.
सेल्वनने सहावीच्या इंग्रजीत फोड केली: क्वार्टरबॅक.
आम्ही खडकीत, फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहणारे.
अर्थ विचारायला कुणाकडे जावं लागलं नाही.
क्वार्टरच्या मागे असतो तो.
मागे म्हणजे नळ, राखेचा ढीग, वाळत घातलेल्या गोधड्या
आणि गायकवाड मावशींची पपई.

तसला चेंडू पुण्यात कुठे मिळणार?
कच्ची पपई मात्र हुबेहूब तशीच.
चार दिवस फेकली, पाचव्या दिवशी फुटली.
हाताला चीक, पाठीत धपाटा.

माझा लाडका हॅलरन.
नाक वाकडं, हात वर, बोटं उघडी,
चेंडू नुकताच सुटलेला आणि पांढऱ्या कडेने
अर्धा कापलेला.
रात्री कंपास पेटीत ठेवायचो त्याला.
सकाळी उघडून बघायचो,
चेंडू अजून हवेतच.

पत्त्यांच्या पाठीवर आकड्यांचे रकाने.
किती फेकले. किती पूर्ण.
पूर्ण म्हणजे काय, यावर
मी आणि सेल्वन आठवडाभर भांडलो.
शेवटी तोच म्हणाला,
"अरे, दुसऱ्याने झेलला तर पूर्ण."
मला पटेना.
फेकायचं याने
आणि मार्क दुसऱ्याच्या हातात?

बाबा अंगणात लुनाचा प्लग काढून बसले होते.
फटीतली काजळी खरवडायला
माझ्या गड्डीतलाच एक पत्ता घेतलेला, न विचारता.
मान वर न करता म्हणाले,
"आमचं तरी काय वेगळं?
अठरा वर्षं भरतोय काडतुसं.
कुठे जाऊन लागतात
ते कोण सांगतंय."
मग प्लगवर फुंकर मारली
आणि किक.

त्या उन्हाळ्यात सेल्वनच्या अप्पांची बदली झाली,
त्रिचीच्या फॅक्टरीत.
पायरीवर बसून आम्ही वाटणी केली,
अकरा त्याला, अकरा मला,
आणि हॅलरनवर दोघांचाही हात.
"तुझाच," तो म्हणाला. फार लवकर म्हणाला.

खडकी स्टेशनवर गाडी जेमतेम थांबते.
हंडे, ट्रंका, गुंडाळलेली गादी, त्याची रडणारी बहीण.
गाडी हलली आणि मला काय सुचलं कोण जाणे,
खिशातून हॅलरन काढला,
मनगटाला झटका देऊन भिरकावला
त्याच्या खिडकीकडे.
तो फिरत गेला, सपाट, सरळ,
तेवढ्यात एक हमाल मधे आला.
हमाल सरला तेव्हा
माझ्यासमोर गार्डाचा डबा होता.

रुळांवर उतरून शोधलं मी.
खडी, केळ्याची सालं, बिडीची थोटकं.
पत्ता नाही.
एवढ्यावरून काही ठरत नाही, मला कळतं.
त्रिचीहून दोन पत्रं आली,
त्यात शाळेबद्दल होतं, उकाड्याबद्दल होतं.
मीही विचारलं नाही.

अजून कधीमधी जातो बुधवारचा.
गफूरचाचांच्या जागी आता त्यांचा नातू, कानात वायर.
"कौनसा मंगता, अंकल?"
मी फेकणाऱ्याचा हात करून दाखवतो.
तो मला क्रिकेटचे पत्ते दाखवतो.

घरी दहाच उरलेत माझ्याकडे.
अकरावा बाबांच्या हत्यारांच्या डब्यात सापडला,
ते गेल्यानंतर.
कोपरा काळा, नाव पुसलेलं,
अजून पेट्रोलचा वास येतो त्याला.
तो मी गड्डीत लावलेला नाही.
तिथेच ठेवलाय, स्क्रू ड्रायव्हरखाली.