मध्यंतर

आमच्या गावात सिनेमागृह एकच,
आणि तिथे मध्यंतर अजून पाळतात. बरं आहे.

राजधानीतून आलेल्या पोरांनी गेल्या फेब्रुवारीत
आमच्याच मासळी कारखान्यात हा सिनेमा काढला.
आठ दिवस आम्हाला पगारी सुट्टी.
म्हणून आज सगळे आलेत, मला धरून चौपन्न,
स्वतःला शोधायला:
तो बघ माझा ट्रॅक्टर. ती बघ इंगाची खिडकी.

चाळिसाव्या मिनिटाला थोरलाकुरला मारलं.

थोरलाकुर माझ्या पुढे दोन रांगा सोडून,
मांडीवर पॉपकॉर्न, डोक्याला तीच राखाडी टोपी.
पडद्यावर त्याला आकड्याला टांगला
आणि चाकू उचलला तो माझ्या टेबलावरचा.
मूठ ओळखली मी. निळी चिकटपट्टी
मीच गुंडाळलीय तिला,
ओल्या हातातून सटकू नये म्हणून.

एकोणीस वर्षं कॉड साफ करतेय,
रक्ताचं मला कुणी सांगू नये.
रंग चुकलाच होता त्यांचा. फार लाल.
पण आवाज
आवाज बरोबर होता.
पोट उघडताना येतो तो, ओला, जरासा आळशी.
कुणी टिपून नेला, माझ्या कुठल्या मंगळवारचा?

लोक हसले, ओळखीचं माणूस दिसल्यावर हसतात तसे.
थोरलाकुरनं मागे वळून हातसुद्धा हलवला.
मग हसणं संपलं
आणि मारणं काही संपेना.

शेजारी बोग्ना बोटांच्या फटीतून बघत होती.
जायचं का, मी विचारलं.
तिकिटाचे पैसे दिलेत, ती म्हणाली,
आणि फट थोडी मोठी केली.

दिवे लागले.

बाहेर उणे नऊ. थोरलाकुर भिंतीला टेकून
सिगारेट ओढत होता, पोटासकट, धडधाकट.
पुढे काय होतं रे?
मला काय ठाऊक, माझं काम तिथवरच.
बारा वेळा मेलो. त्यांना नववा आवडला.
नवव्या वेळी पायाखालचा खोका खरंच सरकला होता.

हे तो सिगारेटच्या टोकाकडे बघत म्हणाला.
मी ती किंकाळी आठवून पाहिली
आणि लगेच विसरायला लागले.

गुडनी?
आतच आहे. उठलीच नाही.
माझा कोट मांडीवर घेऊन बसलीय.

घंटा झाली. त्यानं माझ्यासाठी दार धरलं.
आत ऊब होती, कॉफीचा वास होता.
खोटं आहे हे मला कळतं की. समोर उभा आहे माणूस.
पण आत गेले तर उरलेला तास
त्या मुठीवर माझाही हात असणार,
आणि नाही गेले
तर हा माझ्यापुरता टांगलेलाच राहणार,
उद्या दुकानात दूध घेताना, परवा पोस्टात.

तू हो पुढे, म्हटलं. गाडीचे दिवे राहिलेत वाटतं.

दिवे बंदच होते.
आत बसले, हीटर लावला. घर चार मिनिटांवर.
गेले नाही.
भिंतीतून मधूनच काहीतरी धडधडायचं,
मग शांतता; शांतता जास्त वाईट.
रेडिओ लावला, त्यावर हवामान:
खाडीच्या तोंडाशी वारा, लाटा तीन मीटर.
आई धक्क्यावर उभी राहून बोटी मोजायची,
ओठ न हलवता. मी टिंगल करायचे.

साडेदहाला दारं उघडली.
एक, दोन. इंगा आणि तिची पोरं, सात.
बोग्ना, तोंडावर हात; हसतेय की काय, लांबून कळेना.
शिक्षक. पाद्रीबाई. एकमेकांशी कुणी बोलत नव्हतं,
गाड्यांवरचा बर्फ मात्र सगळे जोरजोरात खरवडत होते.
गुडनी, हातावर तो कोट.
बावन्न.

इंजिन बंद केलं मी.
गुडनीही वळून उभी राहिली होती.

मग तो आला,
दारातच वाकून
एक हातमोजा शोधत.