बसलो तिथला गुंता

चोपड्याच्या बाजारात सेल घेतले चार,
दोन यंत्रात, दोन खिशात,
आणि सकाळी सातला खाऱ्यापाड्याच्या वरच्या अंगाला
उभा राहिलो हात आभाळाकडे धरून,
लांबून बघणाऱ्याला वाटावं
कुणाकडे काही मागतोय.

यंत्र पिवळं, मुठीत मावणारं.
रबरी बटण माझ्याआधीच्या कुणाच्या तरी
अंगठ्याने झिजवून खोलगट केलेलं.
उपग्रह चार. सहा. बराच वेळ सहाच. मग नऊ.
होळी होऊन गेली होती, सागाला पान नव्हतं,
तेवढी एक गोष्ट आमच्या बाजूची.

दुरकीबाई पावरा पुढे, मी मागे.
पद्धत अशी की
जिचा दावा तिने हद्द चालायची,
मी कोपऱ्या-कोपऱ्यावर बटण दाबायचं.
ती पायाखाली बघत होती, मी हातात.
पहिला कोपरा अंजनाचा.
दुसरा दगडांची रास,
नांगराला लागतील तसे सासऱ्याने टाकलेले.
तिसऱ्यावर काहीच नव्हतं.
आठेच, ती म्हणाली.
खूण काय, मी विचारलं.
तिने टाच मातीत फिरवली.
अचूकता पाच मीटर, पडद्यावर आलं.
टाचेची अचूकता लिहायला
फॉर्मात रकाना नाही.

नाल्यात उतरलो आणि उपग्रह गेले,
एकेक काळी पट्टी पोकळ होत.
वरच्या काठावर मोहाखाली बसलो
तेव्हा कुठे परतले.
पहाटेची फुलं अजून मातीवर होती,
तिने बसल्या बसल्या हात पोचेल तेवढी वेचली.
मला तांब्या दिला.
बाजारात शिकलेल्या अहिराणीत म्हणाली,
बठ जराखा. ते बी थकी गयं व्हई.

मी पुरावा विचारला.
पावती नाही. दंडाची होती, ती उंदरांनी नेली.
जोंधळा उपटायला माणसं आली
त्या साली शेंगलीचे दुधाचे दात पडत होते.
शेंगली आता दोन लेकरांची आई.
मी लिहिलं: तोंडी.

मग तिने यंत्राकडे हनुवटी केली.
आपन कोठे शेतस, हाई त्याले कोन सांगस?
मी वर बोट दाखवलं.
वर रणरणतं, पांढरं, एक घार.
दिवसा बी? ती म्हणाली,
आणि हसली.

रात्री खोलीवर रेघ उघडली.
वाळत घातलेल्या कातड्यासारखा आकार,
कडा बऱ्या, नाल्याजवळ तुटलेल्या,
आणि मोहापाशी
कोंबडीने उकरावं तसा गुंता.
आम्ही बसलो होतो, यंत्राला ते पटलं नव्हतं.
आभाळातले सरकत राहिले
आणि आम्हाला ओढत राहिले,
तीन मीटर इकडे, सहा तिकडे,
नाला ओलांडून परत,
पस्तीस मिनिटांत दोनशे बारा मीटर.

असा गुंता पुसायचा असतो,
नाहीतर क्षेत्रफळ चुकतं.
प्रत्येक ठिपक्याला वेळ असते.
दहा बेचाळीसचा शोधला, ती हसली तेव्हाचा.
त्यात मी नाल्याच्या पलीकडे उभा आहे.
आणि ती,
जिचं नाव यंत्राला कुणी सांगितलंच नाही,
असलीच तर मोहाखालीच.

एकशे अठरा ते दोनशे तीन. पुसले.
एक हेक्टर सदतीस आर.
नकाशा छापला, तिच्या अंगठ्याची जागा सोडली.

सकाळी सेल बदलले.
पुढचा दावा सुमाऱ्या बारेला, उतारावरचा तुकडा.
आभाळाकडे हात धरून थांबलो.
बटणाच्या खोलगटात अंगठा
आता बरोबर बसतो.