नऊ काटे

जेझकाझगानच्या संग्रहालयात मी नऊ काटे सांभाळतो.
आठ ग्रहांचे आठ, एक चंद्राचा.
सकाळी ओल्या फडक्यानं पुसून घेतो.
गुरूवर चिखल जास्त;
पोरं दोघं-तिघं मिळून त्याच्यावरच चढतात
नि काटा गरगरला की किंचाळतात.

गेल्या हिवाळ्यात शुक्राची स्प्रिंग ताणली गेली.
करागांडाहून नवी येईपर्यंत
शुक्र आणि शनी एकच वजन सांगत राहिले.
कुणाच्या लक्षात आलं नाही.

येरसाइन नावाचा एक किडमिडीत पोरगा,
नाक वाहतं, टोपी वडिलांची.
"काका, गुरूवर उभं कुठं राहायचं?"
म्हटलं, तिथं जमीन नाही रे, सगळा वायूच.
"मग तुमचा काटा ठेवलाय कशावर?"
मी त्याला गोळी दिली. उत्तर नव्हतं.

याआधी मी खुर्च्या उचलायचो.
माळावर, बर्फात, छत्रीला लटकून
जळकट लोखंडी गोळा उतरायचा,
त्यातून एकेक माणूस आम्ही ओढून काढायचो,
सहा महिने वजनावाचून राहिलेलं.
चौघांनी खुर्ची धरायची, सांभाळून,
लग्नातल्या म्हाताऱ्या पाहुण्यासारखी.

एकदा एक बाई होती. मी तिला सफरचंद दिलं.
हात तसाच मांडीवर आपटला, सफरचंदासकट.
"केवढं जड," म्हणाली, नि हसायला लागली.
मान डोकं पेलत नव्हती, तरी हसत होती.
दीडशे ग्रॅमचं फळ.
त्या दिवशी घरी येईपर्यंत
माझेच दोन हात खांद्यांना टांगलेले
मला जाणवत राहिले.

आता कलाम्पिरचं सांगतो.
बाजारात खरबुजं विकते, बोलायला फटकळ.
शाळेच्या सहलीमागून फुकटात आत शिरली
नि एकेका काट्यावर चढत गेली:
चंद्रावर तेरा, मंगळावर तीस, बुधावरही तीस,
इथं ऐंशी,
गुरूवर दोनशे दोन.
खाली उतरली, कंबरेवर हात.
"नऊ काटे, नि उत्तरं ही अशी?
मी असा काटा मारला असता
तर बाजारानं मला उभी सोलली असती!"

समजावलं. वजन म्हणजे तू नव्हेस, कलाम्पिर,
खालच्याची ओढ आहे ती.
ज्याची जेवढी ओढ तेवढं तुझं वजन.
"माझा नवरा असंच काहीतरी बोलायचा," ती म्हणाली,
"तोही उधारीवरच जगला."

दुसऱ्या दिवशी आली ती स्वतःचा तराजू घेऊन.
दोन पारडी, मधे गंजकी दांडी,
सासऱ्याच्या वेळची लोखंडी मापं.
माझ्या टेबलावर खरबूज तोललं: तीन किलो.
"ने हा तुझ्या गुरूवर," म्हणाली,
"नि मग बोल."

रात्री पहाऱ्यावर बसून तेच डोक्यात.
खरबूज गुरूवर नेलं. अडीचपट जड झालं.
मग मापं नेली. तीही अडीचपट.
दांडी आडवी ती आडवीच.
चंद्रावर दोन्ही पारडी पिसासारखी,
दांडी तरी आडवी.
कुठल्याही ग्रहानं कितीही ओढावं,
त्या बाईचं तीन किलो तीन किलोच.

शाळा शिकलेला मी, तीन वाजता उठून
अंधारात एकटाच हसलो.
येरसाइनला हे सांगायला हवं होतं,
पण त्याची शाळा आता पुढल्या वर्षी येणार.

सकाळी संचालकबाईंना म्हटलं,
दाराशी हा दहावा मांडूया का?
त्यांनी तराजू खालीवर न्याहाळला.
"छान आहे. पण याच्यावर
पाटी कुठल्या ग्रहाची लावायची?"

तोवर कलाम्पिर येऊन तो घेऊनही गेली.
रविवार होता, बाजाराचा दिवस.
खरबूज मात्र ठेवून गेली, पैसे न घेता.
निम्मं मी खाल्लं, भिंतीला टेकून,
नि नेपच्यूनवर चढलो: कालच्यापेक्षा पावणेदोन किलो जास्त.

फडकं पिळलं.
गुरूपासून सुरुवात केली.